मशिदीतल्या पोरांचं मंडळ आणि माझा भाचा

खाडीकाठचा (धागाकर्ता)

यंदा, २०२५ ला, ईद ३१ मार्चला झाली, परवा गावाहून पनवेलला परत आलो. बॅगेतला खाऊ अजून संपायचाय, तो खात खात हे लिहून टाकतो.

गाव चिपळूणच्या खाली, खाडीला लागून. निम्म्या घरांना कुलूप, माणसं कुवेत, दुबई, मुंब्रा. मशिदीला लागून जमातीची, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजाची, एक खोली आहे, तिथे पोरांचं मंडळ चालतं. तेरा-चौदापासून विशीपर्यंतची पोरं. त्यांच्यावर दोन-तीन मोठे; त्यातला एक वायरमन, तोच खजिनदार. मौलाना लक्ष ठेवतात, पण कारभार पोरांचा.

भाचा नववीत. बहिणीची त्याच्याबद्दल तक्रार एकच: मोबाइल. जेवताना मोबाइल, अंथरुणात मोबाइल. यंदा मात्र रमजानभर हा त्या खोलीत आणि मोबाइल घरी चार्जिंगला. मला वाटलं मौलानांनी दम भरला असणार. तसलं काही नव्हतं. त्याच्या ताब्यात काटा होता.

काटा म्हणजे वजनकाटा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ईदच्या आधी प्रत्येक ऐपतदार घराने फितरा द्यायचा असतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, त्यामुळे फितरा शक्यतो धान्यातच, म्हणजे तांदळात. घरातल्या दर माणशी, काल जन्मलेल्या बाळासकट, साधारण अडीच-पावणेतीन किलो. ईदच्या नमाजाआधी तो गरजू घरी पोचला पाहिजे. नंतर दिलात तर ती नुसती खैरात, फितरा नव्हे. आमच्या लहानपणी शेराचं माप असायचं, आणि कोण वर शीग ठेवतो, कोण बोटाने सपाट करतो यावरून गाव घराण्याची परीक्षा करायचं.

आता पोरं काट्यावर मोजतात. कुणी स्वतः खातो तो तांदूळ आणतो, कुणी रेशनचा आणून टाकतो. यावरून यंदा पोरांत वाद झाला. जाडा वेगळा, बारीक वेगळा ठेवायचा, की मिसळायचा? वेगळा ठेवला तर जाडा कुणाच्या वाट्याला घालायचा? मौलानांनी कुराणातल्या सूरह बकरातली आयत काढून दाखवली: जे तुम्हाला कुणी दिलं तर डोळे मिटूनच घ्याल, असलं देऊ नका. पण हे देणाऱ्यांना सांगायला उशीर झाला होता. शेवटी पोरांनी ठरवलं, प्रत्येक पिशवीत दोन्ही सारखे. ताडपत्रीवर ढीग घालून फावड्याने मिसळला. भात शिजताना बायकांच्या किती शिव्या बसल्या असतील ते अल्लाहला ठाऊक.

आता मुख्य गोष्ट. २८ व्या रोजाची रात्र, तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) वाटप. मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलेलो. पोरं पिशव्या उचलून अंधारात जात होती, येत होती. शेवटी एक पिशवी उरली. भाचा म्हणाला, "ही मी नाही नेत."

"का रे?"

"नाही नेत, मामू."

मी चार लोकांत झापला त्याला. महिनाभर काटा मिरवलास आणि चार पावलं चालायचं तर पाय दुखतात? मान खाली घालून उभा राहिला, अक्षर बोलला नाही. वायरमनने पिशवी उचलली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या वेळी वायरमनने मला बाजूला घेतलं. ते घर भाच्याच्या वर्गातल्या मुलाचं होतं. दोघे एका बाकावर बसतात. हा पिशवी घेऊन दारात उभा राहिला असता आणि दार त्याच मुलाने उघडलं असतं, तर? यादी फक्त तिघांकडे असते. भाच्याने ती आईलासुद्धा सांगितली नव्हती, आणि माझ्या शिव्या खाल्ल्या तरी तोंड उघडलं नाही.

घरी जाऊन मी त्याची माफी मागितली. कार्टं म्हणतं, "ठीक आहे मामू, पण आवाज फार वर होता तुमचा." ही चापट कुठून आली ते मला कळलं. रमजानमध्ये त्यांचा सूरह लुकमानचा दर्स (पाठ) झाला होता. त्यात लुकमान आपल्या मुलाला सांगतो, चालीत मध्यमपणा ठेव, आवाज खाली ठेव, सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा. महिनाभर पोरं एकमेकांना "गाढवाची आयत!" म्हणून चिडवत होती.

मंडळात व्याख्यानंही होतात. त्यांतून त्याच्यात काय फरक पडला म्हणाल तर मला शोधूनही सापडत नाही. काट्याने पडला. तुमच्या घरातल्या, ओळखीतल्या मुलांचा अनुभव काय? चांगला-वाईट दोन्ही लिहा.

---

मालगुंडकर

वाचताना आमच्या सार्वजनिक गणपतीचं वर्गणी पुस्तक आठवलं. पंधराव्या वर्षी माझ्या हातात आलं, आणि अकरा रुपये देणाऱ्या म्हातारीला पावती फाडून द्यायचीच, हे तेव्हा शिकलो.

एक भर. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा मी बाजारपेठेत मावशीच्या माळ्यावर अडकलो होतो. पाणी उतरल्यावर पहिली खिचडी ज्यांनी आणून दिली ती खाडीपट्ट्यातली अशीच पोरं होती, गुडघाभर चिखलातून पातेलं डोक्यावर घेऊन. कुठल्या मंडळाची ते विचारायचं राहिलं. धागाकर्ते, तुमचीच तर नव्हेत?

दुसरं, २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईसह बऱ्याच ठिकाणी मिलादचा जुलूस २९ ला नेला. आमच्याकडे बैठकीत मोठे लोक शब्द तोलून बोलत होते, आणि मुस्लिमांच्या मंडळातला एक मिसरूड फुटलेला पोरगा सरळ म्हणाला, तुमच्या विसर्जनाला ट्रॅफिकला आम्ही उभे राहू. राहिले.

---

अर्धा_कप_चहा

धागा गोड आहे, म्हणून थोडी कडू बाजू लिहितो. कुणी अंगावर येऊ नये.

मी भिवंडीचा. सोळाव्या वर्षी तब्लीगी जमातीबरोबर (गावोगाव धर्माचं सांगत फिरणारे लोक) तीन दिवसांवर गेलो, पुढे दहावीच्या सुट्टीत चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस. जे मिळालं ते आधी सांगतो. घरी पाण्याचा पेला उचलत नव्हतो, तिथे वीस माणसांची भांडी घासली. मशिदीच्या चटईवर झोपलो. एकाच थाळीत कांद्याचा व्यापारी, रिक्षावाला आणि मी. गश्तला निघालं की अनोळखी दार वाजवून अदबीने बोलायचं, दार तोंडावर आपटलं तरी सलाम करून मागे फिरायचं. आज मी विक्रीच्या धंद्यात आहे. हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नसतं.

आता दुसरी बाजू. परत आलो तो वडिलांचा न्यायाधीश होऊन. ते पॉवरलूमवर बारा तास उभे राहायचे, फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला, उठणं व्हायचं नाही. मी त्यांच्याकडे बघायचो त्या नजरेची आजही लाज वाटते. मी चित्रं काढायचो, शाळेत बक्षिसं होती. जिवंत प्राण्यांची चित्रं नकोत असं कुणीतरी म्हणालं आणि मी वही पाण्यात बुडवली. सांगणारा माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा होता! तीच गोम आहे. त्या वयात मौलानांपेक्षा अठरा वर्षांच्या 'भाई'चा शब्द मोठा असतो, आणि त्या भाईचं स्वतःचं वाचन तीन पुस्तकांचं.

वडिलांशी नीट बोलायला मला दहा वर्षं लागली. चित्रं परत सुरू झाली नाहीत.

तुमच्या भाच्याच्या मंडळात काटा आहे, चांगलं आहे. पण तो उद्या म्हणाला की मला यायचं नाही, तर त्याच्याशी कोण बोलेल, कोण बोलायचं थांबेल, ते बघा.

---

नांदेडची_नूर

खाडीकाठचा, तुमचा लेख दोनदा वाचला. तांदूळ आहे, फावडं आहे, गाढवसुद्धा आहे. मुलगी एकही नाही. भात शिजवणाऱ्या बायका तेवढ्या आहेत, त्याही शिव्या देताना.

मी शाळेत असताना जीआयओत (गर्ल्स इस्लामिक ऑर्गनायझेशन) जायचे. रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी बैठक, बारा-पंधरा मुली. प्रत्येकीने आळीपाळीने एक विषय तयार करून दहा मिनिटं बोलायचं. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी हातातला कागद इतका घामेजवला की शाई पसरली आणि पुढचं काही वाचताच येईना. मोठ्या आपा म्हणाल्या, कागद बाजूला ठेव आणि तुझ्या दादीला सांगतेस तसं सांग. तसं सांगितलं. पुढे कॉलेजात वक्तृत्वाला उभी राहिले ती त्या दुपारच्या जिवावर, आणि मराठीतून. घरी दखनी, शाळा उर्दू, मराठी नुसती बाजारात; तरी जमलं.

आईने मला तिथे का पाठवलं माहितीये? कारण दुसरीकडे कुठेच पाठवता आलं नसतं. 'दीनाच्या (धर्माच्या) कामाला जाते' म्हटलं की मोहल्ल्यात कुणी तोंड उघडत नाही. आम्ही त्या नावाखाली बस पकडायला शिकलो, बँकेत खातं उघडायला शिकलो, एका मुलीचं शिक्षण थांबवत होते तर तिच्या अब्बांकडे तिघी जणी गेलो. तिघींचे पाय लटपटत होते. तिची बारावी झाली.

तक्रारी माझ्याही आहेत. कपड्यांवर चर्चा फार, करिअरवर कमी. लग्न ठरलं की मुलगी यादीतून गायब. पण पहिली सही मी त्या बैठकीच्या हजेरीवर केली, हे मी विसरत नाही.

ता. क. आम्ही हनफी पंथाचे, आमच्याकडे फितरा बहुतेक रोख देतात. त्यामुळे मिसळीच्या भातापासून वाचलो.

---

सडेतोड

वाद घालायचा नाही, पण पेपर वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात 'मुस्लिम तरुणांची संघटना' म्हटलं की पहिलं नाव सिमीचं (स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया) येतं. त्यावर कुणीच कसं बोलत नाही?

---

नांदेडची_नूर

बोलते की. सिमी १९७७ ला अलीगढला निघाली, २००१ च्या सप्टेंबरात केंद्राने बंदी घातली. जमाते-इस्लामी हिंदचं तिच्याशी आधीच फाटलं होतं; त्यांनी १९८२ ला एसआयओ (स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशन) वेगळी काढली. ती आजही उघडपणे काम करते. तब्लीगचा या दोन्हींशी संबंध नाही, ती १९२० च्या दशकात मेवातमधून सुरू झालेली वेगळीच चळवळ. आणि खाडीकाठच्या गावातल्या पोरांचा तर कशाशीच नाही, ते जमातीचे तांदूळ मोजतायत.

तुमचा प्रश्न आम्हाला नवीन नाही. माझ्या भावाने टोपी घालून रात्री साडेदहाला घरी यायचं म्हटलं की अम्मी दारात उभी. पोरगा बिघडेल ही भीती वेगळी आणि कुणीतरी पोराला भलतंच समजेल ही वेगळी. तुमच्या घरी एकच भीती असेल, आमच्याकडे दोन.

---

सडेतोड

मान्य. दुसऱ्या भीतीचा विचार मी केला नव्हता.

---

जुना_सेवादलवाला

वय ७८, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

धागाकर्ते चिपळूणच्या खालचे म्हणतात. मिरजोळी त्यांना माहीत असेलच. हमीद दलवाई तिथले. तेही तरुणपणी एका युवक संघटनेत घडले, पण ती राष्ट्र सेवा दल होती, जिथे सगळ्या जातिधर्मांची पोरं एका रांगेत कवायत करायची. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. सातच. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. ३ मे १९७७ ला गेले, पन्नाशीही गाठली नव्हती.

माझं म्हणणं असं: हिशेब, श्रमदान, गुप्तदान या गोष्टी चांगल्या आहेतच. पण मुलगा ज्या वयात 'आपण' हा शब्द शिकतो, त्या वयात त्याच्या 'आपण'मध्ये फक्त स्वतःच्या धर्माची पोरं असावीत का? हाच प्रश्न मी शाखेत जाणाऱ्या माझ्या नातवालाही विचारतो. तो उत्तर देत नाही, चहा आणून देतो.

---

मालगुंडकर

काका, चहा आणून देतो म्हणजे शाखेने काहीतरी शिकवलंय! (हलके घ्या.)

---

बर्मिंगहॅमची_बाय

माहेर श्रीवर्धन. इकडे बावीस वर्षं झाली.

सेवादलवाल्या काकांच्या प्रश्नावर आमचा अनुभव. धाकटा मशिदीच्या स्काउट गटात आहे. गट मुस्लिम, पण संघटना सगळ्या देशाची. इथे मुस्लिम मुलांना स्काउटची शपथ अल्लाहच्या नावाने घेता येते. कॅम्पला गेले की शेजारच्या तंबूत चर्चचा गट, पलीकडे कुठल्याच धर्माचा नसलेला. गाठी सगळ्यांच्या त्याच. फजरला याने अजान दिली तर शेजारच्या तंबूतला मुलगा डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, मला पण उठव उद्या, मला सूर्योदय बघायचाय.

मला मोठा फायदा वेगळाच वाटला. गटात सोमाली, बांगलादेशी, पाकिस्तानी, एक गोरा नवमुस्लिम. घरी माझ्या सासूबाई "आपल्यातली मुलगी" म्हणतात ती कोकणी, त्यातही तालुका जमला पाहिजे. पोरगं मात्र परवा विचारतं, "आई, आपल्यातली म्हणजे कोण गं?" घ्या.

---

अर्धा_कप_चहा

@खाडीकाठचा, एक विचारू? तुम्ही स्वतः लहानपणी त्या मंडळात होता का? भाच्याचं सांगितलंत, स्वतःचं नाही.

---

खाडीकाठचा

मालगुंडकर, आमच्या पोरांनी पुरात खिचडी नेली होती हे खरं, पण तेव्हा सगळ्या खाडीपट्ट्यातून पातेली निघाली होती. तुमचं पातेलं कुणाचं, देव जाणे.

चहावाले, होतो. तेव्हा मंडळाला नाव नव्हतं. सतरा वर्षांचा होतो, आषाढ लागलेला, पाऊस चार दिवस हटलेला नाही. गावातला एक म्हातारा वारला. पोटी मूल नाही, पुतण्या दुबईला. जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया असते, काहींनी पढली की बाकीच्यांवरून उतरते. कबर खोदण्याचंही तसंच, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी जाईल. त्या दिवशी मोठी माणसं शेतावर नाहीतर मुंबईला. इमामसाहेब आम्हा पाच पोरांकडे बघून म्हणाले, चला.

वर हातभर माती, खाली जांभा. कुदळ उसळून परत यायची, पहार घातली की ठिणगी. कमरेएवढं खोदलं आणि कडेने पाणी पाझरायला लागलं. एक जण पत्र्याच्या डब्याने पाणी उपसतो, दोघे खोदतात, दोघे वर ताडपत्री धरून. हाताला फोड आले ते फुटले. मध्येच आमच्यातला एक हसायला लागला, घाबरून, आणि मग सगळेच हसलो, कबरीत उभे राहून. इमामसाहेब वरून बघत होते. मला वाटलं आता बोलतात. म्हणाले, "हसा, पण तळ सपाट करा. त्याला पाठ टेकायची आहे."

म्हाताऱ्याला उतरवलं तेव्हा मी आत होतो. उत्तरेला डोकं, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. खांद्याखाली हात घातला तर कफन पावसाने गार आणि माणूस इतका हलका की मी जास्तच जोर लावला होता. वर येऊन तीन मुठी माती टाकली. घरी गेलो तर आईने हातांना हळद लावली, काही विचारलं नाही.

त्या पाचांतले दोघे आज नमाज फक्त ईदची पढतात. एक दारू पितो, गावाला माहीत आहे. पण गावात मयत झाली आणि हे पाचांतले जे कुणी हजर असतील ते पहार घेऊन निघाले नाहीत, असं एकदाही झालेलं नाही. दारू पिणारा सगळ्यात आधी पोचतो आणि तळ सपाट करायला दुसऱ्या कुणाला देत नाही. चारित्र्य घडलं म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा. मला तो माणूस आवडतो.

तुमच्या वहीबद्दल वाचून मात्र वाईट वाटलं. आमच्याकडेही एक 'भाई' आहेच. भाच्याचं क्रिकेट बंद करायला निघाला होता. वायरमनने त्याला मशिदीच्या टाकीची मोटर दुरुस्तीला दिली, दोन आठवडे त्यातच होता.

सेवादलवाले काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. भाच्याच्या बाकावरचा तो मुलगा आमच्याच मोहल्ल्यातला होता. दुसऱ्या वाडीतला असता, दुसऱ्या धर्माचा असता, तर त्याचं घर यादीत असतं का? प्रश्न खोलीत विचारीन.

नूरताई, मुलींबद्दल मुकाट ऐकून घेतो. जमातीच्या सदरांशी (अध्यक्षांशी) फोनवर बोललो. "बघू, पाऊस झाल्यावर" म्हणाले. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ काय होतो, ते कोकणातल्यांना सांगायला नको.

---

नांदेडची_नूर

कोकणातल्यांनाच काय, मराठवाड्यातल्यांनाही सांगायला नको. आमच्याकडे तर पाऊसच होत नाही.

---

खाडीकाठचा

धागा वर काढतोय. परवा, ७ जूनला, बकरी ईद झाली. कुर्बानीच्या गोश्ताचे वाटे घरोघर पोचवायची यादी पुन्हा भाच्याकडे. त्याचं अक्षर असं की दोन घरांना दोनदा गेलं आणि एका विधवा बाईचं राहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. ते माझ्या भाचीच्या लक्षात आलं, सातवीत आहे. तिने वही ओढून घेतली, रेघा मारल्या, फितऱ्याची जुनी बेरीजही तपासली आणि त्यात आठ किलोची चूक काढली. वायरमनला वही दाखवली. तो दहा मिनिटं बघत बसला, मग म्हणाला, हिच्याकडेच राहू दे.

खोलीत तिला अजून बसू देत नाहीत. वही रोज संध्याकाळी घरी येते आणि सकाळी परत जाते. मधल्या वेळात भाचा तिच्यासाठी पेन्सिलींना टोक करून ठेवतो, मी या डोळ्यांनी पाहिलं.

यादीत वाडीबाहेरची दोन घरं वाढलीत. कुणाची ते विचारलं, तर दोघांनीही सांगितलं नाही.